रात्रीचं पुस्तक छापण्याआधी मोठ्यानं वाचून बघा

प्रति,
मुलांची पुस्तकं काढणारे प्रकाशक, संपादक, लेखक आणि चित्रकार

सप्रेम नमस्कार.

मी एका ग्रंथालयाच्या बालविभागात काम करते. पुस्तकं निवडणं, मागवणं, मुलांना वाचून दाखवणं आणि फाटली की चिकटवणं, हे माझं रोजचं काम. येणारे आईबाप, आजी-आजोबा सगळ्यात जास्त वेळा एकच मागणी करतात: "झोपताना वाचून दाखवायला काहीतरी द्या." मागणी साधी वाटते. पण कपाटासमोर उभं राहून पुस्तकं चाळायला लागलं की कळतं, वाचून दाखवण्यासाठी म्हणून केलेली पुस्तकं फार थोडी आहेत. बाकीची डोळ्यांनी वाचायची म्हणून लिहिलेली आहेत, डोळ्यांनीच तपासलेली आहेत, आणि मग त्यांच्यावर लहान मुलांचं वय छापलेलं आहे.

दोन ते सहा वर्षांच्या मुलाचं रात्रीचं पुस्तक मूल वाचत नाही. ते वाचतो दिवसभर दमलेला मोठा माणूस, मंद दिव्यात, एका हातानं पुस्तक सांभाळत. मूल ऐकतं आणि चित्रं बघतं. पुस्तक या दोघांचं आहे. म्हणून माझं मागणं एकच आहे: असं कुठलंही पुस्तक छपाईला जाण्याआधी कुणीतरी ते रात्री, मोठ्यानं, शेजारी मूल घेऊन वाचलेलं असावं. पुढे जे लिहिते आहे ते सगळं त्यातूनच निघतं.

आधी वाक्यांबद्दल, कारण तिथेच सगळ्यात जास्त अडतं. गेल्या काही महिन्यांत आलेल्या एका पुस्तकात साधारण या घडणीचं वाक्य होतं (प्राणी आणि प्रसंग मी बदलले आहेत): "उत्साही आणि कष्टाळू असलेल्या त्या खारुताईने, जिला आपल्या पिल्लांची नेहमीच काळजी वाटत असे, आकाशात दाटून आलेले काळे ढग पाहून लगबगीने आपल्या ढोलीच्या दिशेने धाव घेतली." एकदा मोठ्यानं म्हणून बघा. 'वाटत असे' पाशी श्वास संपतो. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे खारुताईनं नेमकं केलं काय, हे कळायला मुलाला वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर ढग हातातून निसटलेले असतात. मोठ्या माणसाला हे जाणवत नाही, कारण त्याचे डोळे मागे-पुढे फिरून वाक्य जुळवून घेतात. कानाला मागे जाता येत नाही.

तीच गोष्ट अशीही सांगता येते: "ढग आले. काळे काळे ढग. खारुताईनं वर बघितलं आणि ती धावत सुटली. सरसर खोडावर. सरसर फांदीवर." आणि इथे पान उलटायचं. पुढच्या पानावर: "ढोलीत तिची पिल्लं होती." आशय तोच. पण आता वाचणाऱ्याला दम घ्यायला जागा आहे, मुलाला 'सरसर' बरोबरीनं म्हणता येतं, आणि ती का धावते आहे हा प्रश्न पान उलटेपर्यंत शिल्लक राहतो. पान उलटणं ही चित्रपुस्तकातली फार मोठी सोय आहे. पान उलटताना हात आपोआप थांबतो, आवाज थांबतो, मूल पुढे वाकतं. तुमची पुस्तकं मजकूर पानांत विभागतात ती बहुधा जागेच्या हिशेबानं. तो हिशेब श्वासाचा असावा.

दुसरी अडचण संवादांची. "थांबा! मला सोडून जाऊ नका!" असं अवतरणात छापता आणि त्यानंतर 'कासव हळूच म्हणालं' असं येतं. तोवर वाचणाऱ्यानं ते वाक्य सशाच्या आवाजात, ओरडून म्हणून टाकलेलं असतं. मग तो थांबतो, मागे जातो, पुन्हा म्हणतो. वाचून दाखवायच्या पुस्तकात कोण बोलतंय आणि कसं बोलतंय, हे बोलण्याच्या आधी यायला हवं. संपादकानं एकदा मोठ्यानं वाचलं असतं तर हे पहिल्याच पानावर सापडलं असतं.

आणि क्रियापदांची रूपं. पुस्तकात छापलेलं असतं 'पिल्लू घाबरले, आईजवळ आले आणि रडू लागले'. बोलताना आपल्यातलं कुणी असं बोलत नाही. आपण 'घाबरलं, आलं, रडायला लागलं' म्हणतो. छापल्याप्रमाणे वाचलं तर बातम्या वाचल्याचा सूर लागतो, आणि बोलल्याप्रमाणे वाचायचं तर प्रत्येक वाक्य तोंडातल्या तोंडात बदलत जावं लागतं. दमलेल्या माणसाकडून ते नीट होत नाही. निम्मं असं आणि निम्मं तसं होतं. शालेय पुस्तकात औपचारिक रूपं असोत, त्याला माझी हरकत नाही. पण जे पुस्तक आवाजातच जगणार आहे ते बोलीतल्या रूपांनी छापा. बोलण्यातला उच्चार दाखवायला अनुस्वाराची ही रूपं प्रमाण लेखनाच्या नियमांतही मान्य आहेत, कथा-कादंबऱ्या सर्रास तशा छापल्या जातात. मुलांच्याच पुस्तकात हा संकोच का?

पद्यातल्या गोष्टींबद्दल थोडक्यात. यमक जुळलं म्हणजे लय आली असं नसतं. अनुवादित पद्यात तर ओळीच्या शेवटी 'होते', 'तेथे', 'ते' बसवून यमक साधलेलं असतं आणि मधला ताल लंगडत राहतो. तालात वाचायला सुरुवात केलेला माणूस तिसऱ्या ओळीला अडखळला की मूल मान वर करून बघतं. पद्य जमत नसेल तर साधं गद्य द्या. चांगल्या गद्यालाही लय असते.

बोलीभाषा हवी म्हणते म्हणजे शब्द सोपे करत जा असं मी म्हणत नाही. उलट अलीकडच्या पुस्तकांत शब्द फार घासून गुळगुळीत केलेले दिसतात: सगळं 'छान', सगळं 'मस्त', सगळे 'खूप आनंदी'. १९८८ साली हेज आणि आरेन्स या संशोधकांनी इंग्रजीतलं लिखित आणि बोललेलं साहित्य तपासलं. मुलांच्या पुस्तकांत कमी वापरातल्या शब्दांचं प्रमाण सुशिक्षित मोठ्या माणसांच्या आपसातल्या गप्पांपेक्षाही जास्त निघालं. म्हणजे जे शब्द घरातल्या बोलण्यात येत नाहीत ते मुलाला पुस्तकातून मिळतात, आणि पुस्तकानंच ते काढून टाकले तर मिळायचे कुठून? कवडसा, झुळूक, ढोली, पागोळ्या, किलकिलं दार हे शब्द ठेवा. वाक्य लहान आणि चित्र नेमकं असेल तर नवा शब्द मुलाला अडत नाही. मूल विचारतं तरी, नाहीतर तसंच तोंडात घोळवत बसतं.

आता पुन्हा पुन्हा वाचण्याबद्दल. पालक आमच्याकडे तक्रार करतात, की मूल तेच पुस्तक रोज मागतं, काही नवं द्या. मी त्यांना सांगते, तेच पुस्तक आणखी दोन आठवडे ठेवा. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्हींकडे सारख्याच वेळा कानावर पडत होते. तरी तीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांनी ते शब्द जास्त चांगले शिकले. तिथल्याच २०१४ च्या दुसऱ्या प्रयोगात, गोष्ट ऐकल्यावर लगेच झोपलेल्या मुलांच्या लक्षात नवे शब्द अधिक पक्के राहिलेले आढळले. झोपण्याआधीची वेळ आणि तीच ती गोष्ट, या दोन्हींत मुलाचा फायदाच आहे.

याचा तुमच्याशी संबंध असा, की रात्रीचं चांगलं पुस्तक शेकडो वेळा उघडलं जाणार आहे. त्यासाठी ते दोन प्रकारे टिकावं लागतं. एक, बांधणीनं. मधोमध दोन पिना मारलेलं पुस्तक आमच्याकडे काही आठवड्यांत सुटं होतं, आणि मधली चार पानं हरवली की गोष्टच राहत नाही. शिवलेली बांधणी द्या; अगदी लहानांसाठी जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पानं द्या. दोन, मजकुरानं. शंभराव्या वेळीही वाचणाऱ्याला ते वाक्य तोंडात घ्यावंसं वाटलं पाहिजे. विनोदाची एकच गंमत शेवटी उघड करणारी पुस्तकं दुसऱ्या दिवशी शिळी होतात. चित्रात कोपऱ्यात काहीतरी चाललेलं आहे, मजकुरात त्याचा उल्लेख नाही, अशी पुस्तकं मात्र वर्षभर पुरतात. खिडकीबाहेरची मांजर प्रत्येक पानावर थोडी जवळ येते आहे, हे मुलानं आठव्या वाचनात शोधायचं आणि मोठ्याला दाखवायचं.

चित्रांवर आले आहे तर प्रकाशाचंही सांगते, कारण याचा विचार फारसा कुणी केलेला दिसत नाही. लहान मुलांचे डोळे संध्याकाळच्या उजेडाला फार संवेदनशील असतात. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मोजक्या मुलांना झोपण्याआधी तासभर प्रखर उजेडात ठेवून पाहिलं, तेव्हा झोपेशी निगडित मेलाटोनिन या संप्रेरकाचं प्रमाण सुमारे ८८ टक्क्यांनी खाली आलं. म्हणून जाणते पालक रात्री दिवे मंद करतात, आणि ते योग्यच आहे. आता तुमचं 'रात्रीचं' पुस्तक त्या मंद दिव्याखाली उघडा. आकाश गडद निळं, झाडं काळी, आणि त्या निळ्यावर बारीक, नाजूक वळणाची जांभळट अक्षरं. दुपारी कार्यालयातल्या पडद्यावर ते पान सुंदर दिसलं असेल, पण रात्री ते वाचताच येत नाही. त्यात कागद चकचकीत असला तर दिव्याची तिरीप नेमकी मजकुरावर पडते आणि बाप पुस्तक वाकडंतिकडं करत बसतो. मॅट कागद वापरा. मजकुराला फिकट, मोकळी जागा सोडा. अक्षर मोठं आणि ठळक ठेवा. हात लांब करून, पुस्तक मुलाच्या पोटावर टेकवून वाचता यायला हवं.

जोडपानाबद्दलही एक गोष्ट तपासून बघण्यासारखी आहे. ससेक्समध्येच २०१८ साली असं दिसलं, की डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरं अशी दोन वेगळी चित्रं एकदम समोर असली, तर अजून वाचता न येणारी मुलं नवे शब्द कमी शिकतात. एका वेळी एकच चित्र समोर असलेल्या मुलांनी जवळपास दुप्पट शब्द शिकले. कारण उघड आहे: वाचणारा डाव्या पानावर असतो आणि मूल उजवीकडचं चित्र बघत असतं. वाचण्याआधी योग्य चित्रावरून हात फिरवून दाखवला तर हा फरक पडत नाही, असंही त्यांना आढळलं, आणि मी पालकांना तेच करायला सांगते. पण दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी मांडणी करताना दोन्ही पानांवर मिळून एकच चित्र, किंवा एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला फक्त मजकूर, एवढं तुम्ही सहज करू शकता.

शेवटच्या पानांविषयी मला सगळ्यात जास्त कळकळीनं बोलायचं आहे. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात. सोळा-सोळा पानांचे दोन फर्मे (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेले गठ्ठे) करणं सोयीचं पडतं, म्हणून. गोष्ट मात्र कधी २६ पानांत संपते, कधी २८. मग उरलेली पानं भरली जातात: तात्पर्य, शब्दार्थ, 'जोड्या लावा', 'चित्र रंगवा', 'तुम्ही खारुताईच्या जागी असता तर काय केलं असतं?', आणि मालिकेतल्या इतर बारा पुस्तकांची चित्रं. रात्री याचं काय होतं ते सांगते. गोष्ट निवत आलेली असते, आवाज हळू झालेला असतो, आणि पान उलटल्यावर मूल ताडकन उठून बसतं: "हे पण वाच! हे पुस्तक आपण कधी आणायचं?" ती पानं कोरी सोडा. किंवा शब्दांशिवायचं एखादं चित्र द्या. उपक्रम द्यायचेच असतील तर वेगळ्या पत्रकावर द्या.

तात्पर्याचा हट्टही सोडा, ही विनंती. २०१४ साली कॅनडात तीन ते सात वर्षांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलांना वेगवेगळ्या बोधकथा ऐकवून, त्यानंतर ती स्वतः केलेली लबाडी कबूल करतात का, हे पाहिलं. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत खोटं बोलणाऱ्याला जबर शिक्षा मिळते, पण ती ऐकून मुलं जास्त खरं बोलली नाहीत. ज्या गोष्टीत मुलगा खरं सांगतो आणि त्याचे वडील त्याला जवळ घेतात, तिचा परिणाम झाला. आणि त्याच गोष्टीचा शेवट बदलून वाईट केला तेव्हा परिणाम नाहीसा झाला. भीती दाखवून शिकवण्याची आपली जुनी सवय मुलांच्या डोक्यात फारशी शिरत नाही. झोपेच्या तोंडावर तर ती नुसती भीतीच उरते.

मी भीती काढूनच टाका असं म्हणत नाही. अंधार, एकटं पडणं, हरवणं हे मुलांचे खरे विषय आहेत आणि ते गोष्टीत आलेच पाहिजेत. शेजारी विश्वासाचं माणूस असताना ते ऐकण्याइतकी चांगली वेळ दुसरी नाही. फक्त भीती मध्यावर येऊ द्या आणि त्याच पुस्तकात सुटू द्या. पिल्लू हरवलेलं ठेवून 'पुढील भागात वाचा' असं छापलेलं पुस्तक मी रात्रीसाठी कुणाला देत नाही.

झोपेची पुस्तकं म्हणजे सगळ्यांनी जांभया देण्याची पुस्तकं, असाही एक समज दिसतो. चंद्र झोपला, फुलं झोपली, आता तूही झोप. हे आपल्याला झोपवण्यासाठी चाललंय, हे तीन वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं आणि ते हटून बसतं. गोष्ट कशाचीही चालेल. रस्ता खणणाऱ्या यंत्राची, गोगलगायीची, पावसाची. सुरुवातीला धडपड असली तरी हरकत नाही. शेवटाकडे वाक्यं लहान होत जावीत, पानावरची गर्दी कमी होत जावी, आणि कुणीतरी कुठेतरी पोहोचावं. आमच्याकडे रात्रीसाठी सर्वाधिक नेलं जाणारं पुस्तक कचरागाडीच्या दिवसाचं आहे.

पानापानावर छापलेले प्रश्नही आवरा. वाचताना मुलाला बोलतं करणं उपयोगी असतं हे १९८८ पासूनच्या अभ्यासांत दिसलं आहे. व्हाइटहर्स्ट या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी पालकांना 'हे काय आहे?' याऐवजी मोकळे प्रश्न विचारायला शिकवलं आणि महिनाभरात मुलांच्या बोलण्यात फरक पडला. पण ते प्रश्न त्या घरातून, त्या मुलाकडे बघून यायला हवेत. आणि काही रात्री कुणीच काही विचारू नये.

अगदी तान्ह्या बाळांसाठी तुमच्या याद्यांत जवळजवळ काहीच नसतं, याचं मला वाईट वाटतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच जन्मापासून मोठ्यानं वाचून दाखवण्याची शिफारस केली. १९८६ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात तर आईनं गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत रोज वाचलेला उतारा नवजात बाळांनी नव्या उताऱ्यापेक्षा पसंत केलेला दिसला. बाळाला अर्थ नको असतो. त्याला लय हवी, आणि पानावर ठळक बाह्यरेषेचं एखादंच चित्र हवं. अशी आठ-दहा पानांची पुस्तकं करणं अवघड नाही.

आणखी एक छोटी गोष्ट. मलपृष्ठावर तुम्ही '३ ते ८ वर्षे' असं छापता, त्यातून मला काहीच कळत नाही. तीन आणि आठच्या मध्ये सगळं बालपण आहे. त्याऐवजी मोठ्यानं वाचायला किती मिनिटं लागतात ते छापा. पाच की पंधरा, एवढं कळलं तरी रात्री साडेनऊला पुस्तक उचलणाऱ्या आईचा निर्णय सोपा होतो.

हे सगळं तपासायला मुलं हवीत आणि वाचणारी माणसं हवीत. ती आमच्यासारख्या ठिकाणी रोज असतात. पुढच्या पुस्तकाचा कच्चा नमुना, चित्रं पुरी व्हायच्या आधीचा, साध्या कागदावर काढलेला असला तरी चालेल, जवळच्या कुठल्याही बालविभागाकडे पाठवा. माझ्याकडे पाठवलात तर मी तो मुलांना वाचून दाखवेन, दोन-तीन घरांत रात्री वाचायला देईन, आणि आवाज कुठे अडखळला, कुठलं मूल कितव्या पानावर उठून गेलं, 'पुन्हा' कुठे म्हणालं, हे पेन्सिलीनं कडेला लिहून परत करेन. मोबदला नको. फक्त तो फर्मे छापायला जाण्याआधी पाठवा, म्हणजे बदल करायला तुमच्याकडे वेळ असेल.

आपली,
बालविभागातली एक ग्रंथपाल